मिशांची चौथी जोडी

माशाच्या नाकपुडीच्या कडेला मिशी नव्हती. तुटली असती तर मुळाशी बारीकसा खुंट उरला असता, निदान कातडीवर एखादा व्रण. मी ओल्या बोटानं दोन्ही बाजू चाचपल्या, मग चष्मा काढून डोळे अगदी जवळ नेले. कातडी सलग आणि गुळगुळीत होती. तिथे कधी काही उगवलंच नव्हतं.

मासा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर परातीत आडवा होता, शेपटी कडेच्या बाहेर आलेली. चंद्रकुमारदादा, माझा मोठा भाऊ, थोड्या वेळापूर्वीच तो ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आला होता. "घे बाई, बोडीचा सिंगाळा. तू म्हटलं म्हणून डोकं नाही तोडलं," असं म्हणून त्यानं उभ्याउभ्या चहा घेतला आणि दारातून पुन्हा आठवण दिली, "उद्या सकाळी पवनीले येजो. आधार कार्ड आणजो. मागच्यासारखं विसरू नको."

पवनीला नोंदणी कार्यालयात मला हक्कसोडपत्रावर सही करायची होती. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावासाठी सोडते, असं लिहून द्यायचं. आमच्याकडे बहुतेक बहिणी लग्नानंतर हे देतात आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला धानाची शेती नको होती. मी भंडाऱ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, नवऱ्याची, कमलेशची नोकरी आहे, आमचं नीट चाललं आहे. तरी बाबा गेल्यापासून दादानं सहीचा विषय काढला की मी "पाहू" म्हणायची. कारण एकच होतं, बोडी.

धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, वरच्या अंगाला पाणी अडवून केलेलं शेतातलं लहान तळं म्हणजे बोडी. आमची बोडी कोंढ्याच्या, माझ्या माहेरगावाच्या, बाहेर, रस्त्यापासून आत होती. पारीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, एक जांभूळ. वैनगंगेतून सिंगाळ्याची पिल्लं आणून बाबांनी त्यात सोडली होती. सिंगाळा कसा ओळखायचा हे त्यांनी आम्हा दोघांना त्या पारीवर बसून शिकवलं. पाठीवरच्या मागच्या मऊ पराच्या टोकाशी काळा ठिपका असतो, तो पाहायचा. पुढे एम.एस्सी.ला मी त्याच बोडीतल्या माशांवर काम केलं. बाबा आजारी पडले तेव्हा माय आणि दादा दोघं समोर असताना ते म्हणाले, "बांध्या पोराच्या. बोडी पोरीची." वाक्य एवढंच होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लिहून घेण्याची गरज आहे असं मला कधी वाटलं नाही. दादाही म्हणायचा, बोडी तुझीच, आधी सही कर, मग तिचं वेगळं पाहू. आणि दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, की बोडीतल्या मासोळीचा वाटा तो स्वतः माझ्या घरी आणून द्यायचा. लग्न झालेल्या पोरीला बोडीचा वाटा पोचवणं ही आमच्याकडची रीत आहे.

मागची दोन वर्षं तो वाटा तुकडे करून, हळद-मीठ लावून डब्यात आला होता. मायनं सांगितलं, तुला नोकरीच्या धबडग्यात कापाकापी नको म्हणून. यंदा मीच फोन करून सांगितलं की अख्खा पाठव, कॉलेजच्या संग्रहालयासाठी मला सिंगाळ्याची कवटी पाहिजे.

आता तो अख्खा मासा माझ्यासमोर होता, आणि त्याला मिशांच्या तीनच जोड्या होत्या.

सिंगाळ्याला चार असतात. नाकपुडीपाशी एक आखूड जोडी, वरच्या जबड्याची एक लांब जोडी आणि हनुवटीखाली दोन. या माशाच्या जबड्याला एक जोडी होती, हनुवटीखाली दोन होत्या, नाकपुडीपाशी काही नव्हतं. काळा ठिपका मात्र होता. पण सिंगाळ्याचा तो मऊ पर लांबच लांब असतो आणि ठिपका त्याच्या मागच्या टोकाशी येतो. इथे पर आखूड होता, आणि काळेपणानं तो जवळजवळ सगळा व्यापला होता. डोक्यावर हात फिरवला तर खाली दाणेदार, खरबरीत हाड लागत होतं, आणि ते ढालीसारखं मागे पाठीच्या काट्यापर्यंत गेलेलं होतं. सिंगाळ्याचं तोंड चपटं, फावड्यासारखं असतं. हे तसं नव्हतं.

हे डोकं मी पाहिलेलं होतं. एम.एस्सी.च्या सहलीत रत्नागिरीच्या बंदरावर कोळणींच्या टोपल्यांमध्ये असे मासे रचून ठेवलेले असत. त्यांचं तिथलं नाव शिंगाळा. आम्ही विदर्भातली मुलं तेव्हा खूप हसलो होतो, की आपला सिंगाळा इथे येऊन शहाण्यासारखा श उच्चारायला लागला. सरांनी टेबलावर दोन्ही कवट्या शेजारी ठेवून दाखवल्या. नावं जवळजवळ एक, पण कुळं वेगळी. एक नदीचा, दुसरा किनाऱ्याचा, खाडीचा.

मी माशाचा जबडा उघडला. आत घशाजवळ, कल्ल्यांच्या कमानीत, तीन अंडी अडकून राहिली होती. वाटाण्याहून मोठी, पिवळसर, चिवट. बाकीची वाटेत कुठेतरी गळून पडली असणार. या जातीचा नर मादीनं दिलेली अंडी तोंडात घेतो आणि पिल्लं निघेपर्यंत तोंडातच ठेवतो. तेवढे दिवस तो काही खात नाही. सिंगाळा असं करत नाही, तो तळाच्या चिखलात खड्डा करून अंडी घालतो. अंडी पाहिल्यावर शंकेला जागा उरली नाही.

"भाजी होऊन राहिली का पोस्टमॉर्टेम?" कमलेश दारात येऊन म्हणाला.

"हा समुद्राचा आहे."

"कोण?"

"हा मासा."

"कोंढ्यात समुद्र कधी आला? सांगत जा बापा, मी चड्डी घेऊन पोहायला गेलो असतो." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "नसेल घावला यंदा बोडीत. घेतला असेल बाजारातून. सासुरवाडीची मासोळी आहे, तिची काय टीसी पाहतेस?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मीही तोच विचार करत होते. पाणी आटलं असेल, मासे मेले असतील, बहिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून दादानं विकत घेतला असेल. तसं असतं तर ते उलट मायेचंच झालं असतं. मला तसंच हवं होतं. पण मग तो "बोडीचा" का म्हणाला? मी हात धुतले आणि मायला फोन लावला.

"माय, बोडीत पाणी कसं आहे यंदा?"

"आहे नं बाई. थोडंसंक आहे कोपऱ्यात."

"कोणत्या?"

"तोच वो, जांभळीखालचा."

"सिंगाळा कोणी पकडला मग?"

"तुया भावानं. सकारीच उतरला चिखलात. आन् काय सांगू तुले, अशा उड्या मारे तो! टोपल्यातून बाहेरच आला. मीच पदरानं दाबून धरला त्याले." ती हसली. "चांगला झाला होता का?"

"अजून केला नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

उड्यांबद्दल मी विचारलं नव्हतं, पदराबद्दलही नाही. परातीतल्या माशाचे डोळे दुधाळ झाले होते, कल्ले फिके पडले होते. तो कित्येक दिवस बर्फात होता. माझ्या मायला खोटं बोलता येत नाही, अशी माझी आयुष्यभर समजूत होती. एरवी ती फोनवर दोन शब्द बोलून "ठेव, बिल येईल" म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी पवनीच्या आधी कोंढ्याला उतरले. घरी न जाता सरळ बोडीच्या वाटेला लागले. तिकडे जाऊन मला बरेच दिवस झाले होते. दिवाळीला, राखीला गेले तर दादा म्हणायचा, चिखल आहे, साप आहेत, कशाला जातेस. मायचे गुडघे दुखायचे, ती बसवून ठेवायची. तिला सोडून उठणं जमायचं नाही.

वाट आता डांबरी झाली होती. जांभूळ दिसलं. त्याच्या बुंध्याला खालपासून वरपर्यंत बारीक दिव्यांची माळ गुंडाळलेली होती. पार नव्हती. पार असायची तिथे लोखंडी कमान होती आणि तिच्यावर बाबांच्या नावानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "कै. गोमाजी स्मृती लॉन. लग्न, वाढदिवस व सर्व शुभकार्यांसाठी." कमानीच्या आत सपाट मैदान होतं, त्यावर हिरवी प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली, आणि टोकाला स्टेज. स्टेज जिथे होतं, तिथे बोडी सगळ्यात खोल होती.

एक बाई वाकून रिकामे प्लास्टिकचे ग्लास पोत्यात भरत होती. आमच्या शेतात रोवणीला येणारी कुंताबाई. तिनं मान वर केली.

"अवो, मास्तरीणबाई! आता आली काय? लगन तं काल झालं."

"कुंताबाई, बोडी कवा बुजवली?"

"बोडी?" तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू बोडी कुठे ठेवली ते आठवत असावी. "कवाच वो. रोडचं काम चालू होतं नं, तवा सारा मुरूम इथंच टाकला. दोन उन्हाळे झाले. तुले नाही माहीत?"

मी स्टेजकडे पाहत राहिले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती जवळ आली आणि आवाज वाढवून सांगू लागली, "पूजा करूनच बुजवली, तशी नाही. पयला टिप्पर खाली झाला तवा तुया मायनंच नारळ फोडला. मी होती नं तिथं. सगळ्याइले साखर वाटली माऊलीनं."

तिनं पुन्हा ग्लास वेचायला घेतले. मी पायाखालची हिरवळ बुटाच्या टोकानं उचलून पाहिली. खाली तांबडा मुरूम होता, रोलर फिरवून घट्ट केलेला. याखालचा चिखल मी कधी काळी काचेच्या बरण्यांत भरून नागपूरला नेत असे. त्यात काय काय जगतं याची मी यादी केली होती, आणि बाबा ती यादी आल्यागेल्याला वाचून दाखवत.

घरी पोचले तेव्हा दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पवनीला निघायच्या तयारीत होता. माय छपरीत चटईवर बसून लसूण सोलत होती. अंजूवहिनी आतून चहाचं विचारत होती.

"इकडं कायले आली?" दादा म्हणाला. "थेट पवनीले ये म्हटलं होतं तुले. चाल, गाडीवर बस, सोबतच जाऊ."

"दादा, मासोळी कुठची होती?"

"बोडीची. कुठची राहील?"

"मी बोडीवरूनच आली."

मायच्या हातातला लसूण थांबला. आत वहिनीनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. दादानं खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला, आणि मग मोठ्यानं हसला.

"मंग? पाह्यला लॉन? कसा वाटला? तुले सरप्राइज द्याचं होतं. बाबाच्या नावानं केला, कमान पाह्यली नं?"

"मासोळी कुठची?"

"एकच गोठ धरून बसली हे! भंडाऱ्याच्या बाजारातून घेतली. तुया घरच्या वाटेवरच तं बसते तो बर्फाच्या पेटीवाला. मी सिंगाळाच मागितला, त्यानं सिंगाळाच देला. असा तसा नाही घेतला म्या. काळा ठिपका पाहून घेतला. बाबा सांगत होते नं, ठिपका पाहाचा?"

"मिशा नाही पाह्यल्या तू."

"मिशा?" त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. "अंजू, ऐक वो. मास्तरीणबाईनं मासोळीच्या मिशा मोजल्या. आता माणूस बाजारात मिशा मोजत बसन काय?"

वहिनीला हसू फुटलं, तिनं ते पदरात दाबलं. तिच्यावर मला राग आला नाही. ती या घरात आली तेव्हा बोडीचं बोलणं होऊन गेलेलं होतं.

"मागच्या दोन वर्षी पण बाजाराचीच होती?" मी विचारलं.

"हो. मंग काय झालं?" आता त्याचा आवाज चढला. "तुले मासोळी भेटत होती का नाही? दरसाली भेटली का नाही? कोणाच्या हातानं नाही पाठवली, मी सोता गाडी काढून आणून देली. कोंढ्यातला कोणता भाऊ देते सांग. त्या डबक्यात काय होतं? मच्छर! चार महिने पाणी, आठ महिने चिखल. आता लॉनवर मोठमोठ्या घरचे लगन होऊन राहिले, बाबाचं नाव पत्रिकेवर छापून येते. तुले खुशी पाहिजे का नाही?"

तो खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या मते त्यानं शब्द पाळला होता. बोडी गेली तरी वाटा चालू ठेवला होता, आणि वाटा चालू आहे म्हणजे बोडी आहे, असा त्याचा हिशेब होता.

"मग आता सही कशाला पाहिजे? बुजवायच्या आधी तर विचारलं नाही."

"बँक मागते. लॉनले पक्कं शेड टाकाचं आहे, शेतीची जमीन आहे म्हणते, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आहे म्हणते. एका सहीचं काम आहे. तुले काय नांगर धराचा आहे का इथं?"

मी मायकडे वळले. ती लसणाची सालं एकत्र करून त्यांची लहानशी रास करत होती.

"माय, तू नारळ फोडला?"

"फोडला बाई." तिनं मान वर केली नाही. "पोरगा म्हणे, तुयाच हातानं पायजे. मी काय करू? मी म्हटलं होतं त्याले, कामिनीले सांगून टाक. मंग म्हटलं, सही झाल्यावर सांगू. दोन साल तोंडात धरून होती मी ते गोठ. जेवण गोड लागत नव्हतं मले."

"काल फोनवर सिंगाळ्याच्या उड्या सांगितल्या तू मला."

"तुले बरं वाटावं म्हणून."

"बाबा बोलले होते, बोडी पोरीची. तू होती तिथं. दादा होता."

मला वाटलं, आता ती हो म्हणेल. बाकी सगळं झालं ते झालं, एवढं एक ती मान्य करेल. तिनं मान्य केलं असतं तर मी अजूनही पवनीला गेले असते. हे मी आज लिहितानाही तसंच मानते. सही करून आले असते, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाजारची मासोळी काही न बोलता रांधली असती.

मायनं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तसं नव्हते बोलले ते," ती म्हणाली. "पोरीले दरसाली बोडीची मासोळी देजो, असं म्हणाले होते. तुयाच ध्यानात चुकीचं राहिलं बाई."

दादा लगेच म्हणाला, "हो, हो. मासोळीचंच बोलले होते."

छपरीतच बसायला एक मोडा होता, त्यावर मी बसले. बाबांचा तो दिवस मी मनात पुन्हा तपासला. माझ्या शिक्षणानं मला तशी सवय लावली आहे. कोण कुठे उभं होतं, शब्द कोणते होते, मला जे हवं होतं तेच तर मी ऐकलं नाही ना. बाबा खाटेवर होते. दादा पायथ्याशी होता. माय त्यांचे पाय चेपत होती, आणि बाबांचं वाक्य संपल्यावर तिनंच म्हटलं होतं, "ऐकलं नं चंदू?" आणि दादा म्हणाला होता, "ऐकलं." आता त्या खोलीत तेव्हा असलेल्यांपैकी दोघं माझ्यासमोर होते, आणि दोघांचं वाक्य बदललं होतं. माझ्यापाशी पुरावा म्हणून दाखवण्यासारखं काही नव्हतं.

वहिनीनं चहा आणून हातात दिला. "घ्या ताई, गरम आहे तवर." तिच्या आवाजात आता हसू नव्हतं.

"चाल बाई, उशीर होते," दादा म्हणाला. त्यानं गाडीची चावी हातात घेतली, आणि पुन्हा समजुतीच्या सुरात आला. "राग आला, समजते मले. भाऊ आहे, चुकलो. पाया पडू काय? पण लोक काय म्हणतील? आधीच गाव म्हणते, मास्तरीण माहेरच्या जमिनीवर टपून आहे. मी सगळ्याइले सांगतो, माई बहीण तशी नाही. अजून किती साल पाहू पाहू करशील?"

माय म्हणाली, "जा बाई. सही करून ये. मंग दोघं इथंच जेवा."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी सही करणार नाही, दादा," मी म्हटलं. "आजही नाही, नंतरही नाही. मले हिस्सा पाहिजे. बोडी तू ठेवलीच नाही, म्हणून आता कायद्यानं येते तेवढा धानाच्या बांध्यांत पाहिजे, मोजणी करून, माझ्या नावानं."